पडद्यावरची सून

बसच्या कंडक्टरला तोंड नसेल तर त्यानं घरी बसावं. मला तोंड आहे आणि ते चालवताही येतं. सोलापूर-अकलूज गाडीवर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दारात लोंबकळणारे भलेभले मुकाट आत सरकतात. आमचे ड्रायव्हर म्हणतात, बाई गाडीत असल्या की मला हॉर्न लागत नाही.

पण हेच तोंड वाकडं होतं. खालचा जबडा पुढं आलेला, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून डावीकडं सरकलेला. वरचे आणि खालचे पुढचे दात जन्मात एकमेकांना भेटले नाहीत. आमच्या भागात पोरंसोरंसुद्धा कडक भाकरी कडाकडा मोडून खातात, मी ती आमटीत भिजवून दाढेकडं ढकलायची. शाळेत पोरी चिडवायच्या, मी त्यांच्या वेण्या ओढायची, फिटंफाट व्हायची. दिसण्याचं दुःख करत बसायला मला कधी वेळ झाला नाही.

मग एक दिवस मोहोळच्या पुढं गाडी खच्चून भरलेली असताना 'पुढं सरका' म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते मिटेना. 'पुढं' बाहेर आलं, 'सरका' आत राहिलं. जबडा अडकला होता. हातात तिकिटाचं मशीन, तोंड आ वासलेलं, हनुवटीवरून लाळ गळतेय आणि सगळी गाडी माझ्याकडं बघतेय. पुढच्या सीटवरच्या एका शहाण्यानं जाहीर केलं, "कंडक्टरबाईंची दातखीळ बसली." दातखीळ बसली की तोंड मिटतं रे बाबा, हे त्याला सांगायचीही सोय नव्हती. ड्रायव्हरनी तशीच गाडी वळवून मला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला, तेव्हा तो खट्कन जागेवर बसला. मी गुरासारखी ओरडले. त्या दिवसापासून तोंड उघडायची भीती बसली, आणि तोंड उघडायची भीती बसलेली कंडक्टर म्हणजे चाक नसलेली गाडी.

सात रस्त्याजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, शांत, हळू बोलणारे. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की औषधानं हे जाणार नाही. आधी दातांना तारा लावून दात ओळीत आणायचे, मग वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे कापून नव्या जागी बसवायचे. 'कापून' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मी दोनदा विचारून खात्री केली.

तारांमध्येच वर्ष-दीड वर्ष गेलं. मग त्यांनी मॉडेल करायला बोलावलं. मॉडेल म्हणजे काय, तर माझ्या डोक्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभी करायची, जबडा आधी तिथं कापून बघायचा, नवीन चेहरा कसा दिसेल ते ठरवायचं आणि त्याच मापानं खऱ्या ऑपरेशनचे साचे छापून घ्यायचे. मला ते पटलं. कापड फाडायच्या आधी कागदावर बेतून बघावं, तसं.

माझा नवरा अकलूजला साखर कारखान्यात आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात होता, रजा मिळेना. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, माझी मुलगी आणि माझे सासरे, एवढेच राहतो. सासऱ्यांना मी मामांजी म्हणते. सांगोल्याकडच्या गावात त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सासूबाई गेल्यावर मेंढरं विकून ते आमच्याकडं आले. साधा, भला माणूस. ते म्हणाले, "मी येतो की. एकटीनं कशाला जायाचं दवाखान्यात?"

तिथं आधी मला मशीनमध्ये आडवं झोपवून डोक्याचा स्कॅन काढला. मग उभं करून चेहऱ्याचा. संगणकावर काम करणारी एक मुलगी होती, बुरखा खुंटीला टांगून पांढरा कोट घातलेली, बोलायला गोड. तिनं समजावलं की झोपलेल्या माणसाचं डोकं कसंही कललेलं असतं. म्हणून तो माणूस उभा असताना आपलं डोकं कसं धरतो, हे वेगळं बघावं लागतं. ते धरून मग बाकीचं सगळं माप. "ताई, समोर आरशात आपल्याच डोळ्यांत बघायचं. ताठ व्हायचं नक्को. रोज राहता तशा उभ्या राहा."

मी रोज राहते तशी उभी राहिले. खोली एवढीशी होती. मामांजी दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्येच्यात दुकतं का वो?" ती कोटवाली मुलगी म्हणाली, "नाही चाचा, फोटोच आहे." स्कॅन झाला, मी केसांवरची पट्टी काढली, पदर परत डोक्यावर घेतला आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

मॉडेल तयार झाल्यावर दाखवायला बोलावलं, त्या दिवशी नवरा कशीबशी सुट्टी काढून आला होता. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला आणि माझी बोबडी वळली. समोर एक कवटी होती आणि ती हळूहळू गोल फिरत होती. वाकड्या जबड्याची, तारा लावलेली, उजवीकडच्या दाढेत सिमेंट भरलेली. माझीच. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी आयुष्यात कुणाचं हाड बघितलं नव्हतं, आणि पहिलीच कवटी बघितली ती थेट स्वतःची. नवऱ्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

डॉक्टर आपले शांतपणे सांगत होते. वरच्या जबड्याला हिरवा रंग दिला, खालच्याला निळा. मग पेरू चिरावा तसे दोन्ही कापले, हिरवा तुकडा पुढं ओढला, निळा थोडा फिरवून मागं सरकवला. हनुवटी नाकाखाली मधोमध आली. दातांवर दात असे बसले की मधून कागद जाऊ नये. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि कवटीवर कातडी चढली. डोळे, भुवया, गालावरचा माझा तीळ. डोक्यावर केस मात्र नाहीत.

"या तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतरच्या."

नवरा बघतच राहिला. "भारी दिसतीस की."

"मग आजवर काय दिसत होते?" मी म्हटलं.

खरं सांगायचं तर ती बाई देखणी होती. नीटनेटकी, सरळ, शांत. पण मला तिच्याकडं बघून आनंद व्हायच्या ऐवजी धसका बसला. ही मी नव्हे, एवढंच आतून येत होतं. चेहरा बदलणार हे मला माहीत होतं, त्याची भीती नव्हती. पण ही बाई भरलेल्या गाडीत कुणाला 'पुढं सरका' म्हणेल असं काही केल्या वाटेना. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते हसले. म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांनाच परकं वाटतं, सवय होईल. वर त्यांनी दात बसलेले पुन्हा दाखवले, आणि दातांत खोट काढायला जागाच नव्हती. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात ठरलं. मी त्या मुलीकडून मॉडेलचा व्हिडिओ मोबाइलवर मागून घेतला.

रोज तो व्हिडिओ मी बघत होते. त्यात आधी 'आत्ताची मी' होते आणि मग 'नंतरची मी'. एके संध्याकाळी अंघोळीला म्हणून न्हाणीघरात गेले, मोबाइल साबणाच्या कप्प्यात टेकवून ठेवला आणि आरशात बघायला लागले. नंतरची बाई परकी वाटते ते ठीक, पण माझ्या एकदम ध्यानात आलं की आत्ताचीसुद्धा परकी वाटतेय. ती तर मीच असायला हवी. वाकडा जबडा माझाच, तीळ माझाच, तरी आरशातल्या माझ्याशी तिचं जुळेना. आरशात मला माझ्या नाकपुड्या दिसत होत्या, तिच्या दिसत नव्हत्या. तिचं कपाळ मोठं दिसत होतं आणि मान जवळपास दिसतच नव्हती. ती भुवयांच्या खालून बघत होती. मी डोकं इकडं केलं, तिकडं केलं. काही जमेना.

तेवढ्यात बाहेरून मामांजींची हाक आली. "सूनबाई, च्या ठिवलायस का?"

आणि मी आरशात बघितलं की माझी मान खाली गेली. मी घातली नाही, ती आपोआप गेली. हनुवटी आत, कपाळ पुढं, नजर खालून वर. मोबाइलमधली बाई आणि आरशातली बाई जशीच्या तशी एक झाली.

दार बंद होतं. ते दिवाणखान्यात होते आणि मी कडी लावून आत. तरी मान गेली. मी बेसिनला धरून तशीच उभी राहिले आणि बाहेर 'ठेवते, मामांजी' एवढं कसंबसं म्हटलं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मामांजींनी तर कधी चकार शब्द काढला नाही. सासूबाई तसं करायच्या, मोठी जाऊ करते, मी लग्न होऊन आले आणि करायला लागले. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. ताट त्यांच्या हातात द्यायचं आणि उत्तर फरशीला द्यायचं. रस्त्यावर पोलिसाशी हुज्जत घालणारी मी, घरात शिरले की मान खाली जाते आणि मला ते कळतही नाही. त्या एवढ्याशा खोलीत ते खुर्चीवर बसले होते. मला सांगितलं होतं, रोज राहता तशा राहा. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर खाकीतच दवाखाना गाठला. घरी सांगितलं नाही. डॉक्टरांसमोर उभी राहून म्हटलं, तुमचं मॉडेल चुकलंय. ते म्हणाले, असं होत नाही, आमची पद्धत ठरलेली असते. मी म्हटलं, पद्धत तुमची असेल, मान माझी आहे. ते म्हणाले, ऑपरेशन जवळ आलं की पेशंट घाबरतात. आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना सांगितलं की घाबरले असते तर आलेच नसते, आणि त्या मॉडेलमध्ये उभी असलेली बाई कंडक्टर नाही, ती सासऱ्याला चहा देणारी बाई आहे. तुम्ही माझा जबडा तिच्या मापानं कापायला निघालाय.

मी असं तावातावानं बोलत असताना त्या मुलीनं बाजूनं स्कॅनर उचलला आणि माझा चेहरा टिपला. भांडताना निघालेला तो माझा पहिला फोटो. मग तिनं मला पाणी दिलं, शांत होऊ दिलं, खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या, पुन्हा उभं केलं, पुन्हा टिपलं. डोळे मिटून उघडायला सांगितलं, पुन्हा टिपलं. ते सगळे एकमेकांशी जुळत होते. पहिल्या दिवसाचा त्यात कुठंच बसत नव्हता.

तिनं जुनी आणि नवी दोन्ही डोकी पडद्यावर शेजारी लावली. मग डॉक्टरांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. ठरवलेले जबडे, ते हिरवे-निळे, त्यांनी जुन्या डोक्यावरून उचलले आणि नव्या, मान वर असलेल्या डोक्याला लावले. वर कातडी चढवली. बाजूनं वळवलं.

सगळं तोंड पुढं आलं होतं. नाकाखालचा भाग, ओठ, हनुवटी, सगळं. मान खाली असली की जबडा आत गेल्यासारखा दिसतो, म्हणून तो मागं सरकवलाच कमी होता. वाकडेपणा गेलेला, पण ज्या पुढं आलेल्या जबड्यासाठी मी हाडं कापून घ्यायला तयार झाले होते तो तिथंच होता, आणि आता वरचाही त्याच्या जोडीला आला होता. खाली मान घातली की देखणी आणि वर बघितलं की अशी. हा चेहरा घेऊन मी मरेपर्यंत जगणार होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "दात चोख बसले असते. तुम्ही म्हणाला असतात मला बरं वाटत नाही, मी म्हणालो असतो सवय होईल. मला कधी कळलंच नसतं."

त्यांनी त्या मुलीकडं बघितलं. "बायकांबरोबर कुणी ना कुणी येतंच," ते म्हणाले. "सासरे, दीर, वडील. आणि आपण त्यांना इथं खुर्ची देतो. किती जणींना आपण त्यांच्यासमोर उभं केलंय?"

मी रागानं आले होते, पण आता राग कुणावर काढायचा तेच कळेना. माझ्या डोळ्यांसमोर त्या माहीत नसलेल्या बायका येत होत्या, ज्यांचे दात चोख बसले आणि ज्यांना सवय झाली असेल. मी उठले आणि स्टँडपर्यंत चालत गेले.

ऑपरेशन पुढं ढकललं. मधल्या काळात त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. वरचा जबडा कमी पुढं, खालचा जास्त मागं, साचे नव्यानं छापायचे. ते नवं मॉडेल मी बघितलं तेव्हा चक्क ओळखलं. सरळ तोंडाची, पण मीच. ही बाई गाडी डोक्यावर घेऊ शकेल, असं बघताक्षणी वाटलं.

ॲडमिट व्हायच्या दिवशी नवरा अकलूजहून निघाला होता, पण पोहोचायचा होता. बरोबर मामांजी आले. साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्या मागं मागं दवाखान्यात शिरले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "बाबा, या, तुम्हालाही दाखवतो काय करणार आहोत ते." मला वाटलं नको. पण बोलायला तोंड उघडेपर्यंत ते खुर्चीवर बसलेसुद्धा होते.

डॉक्टरांनी दोन्ही चेहरे शेजारीशेजारी लावले. दोन्ही आत्ताचेच, ऑपरेशनच्या आधीचे. एक त्या पहिल्या दिवसाचा, दुसरा मी भांडायला गेले त्या दिवसाचा. चूक कशी झाली हे त्यांना समजावून सांगायचं होतं. मामांजी पुढं वाकले. पहिल्यावर बोट ठेवून लगेच म्हणाले, "ही आमची सूनबाई." मग दुसऱ्याकडं बघितलं. बघत राहिले.

"आन् ही कोण हाय?"

थट्टा नव्हती. ते खरोखरच विचारत होते. तोच तीळ, तोच वाकडा जबडा, तेच दात. इतकी वर्षं एका घरात राहिलेला माणूस माझ्या चेहऱ्याकडं बघून विचारत होता, ही कोण. त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मीच हाय, मामांजी," मी म्हणाले. फरशीकडं बघून.

"तू?" ते उठले आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. त्या चेहऱ्याचे डोळे समोर होते, सरळ. मामांजी थोडे मागं सरले. "ही माज्याकडं बघतीया की," ते म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळले. ते माझ्याकडं बघतायत हे मला कळत होतं. मला मान वर करायची होती, देवाशपथ करायची होती. पण ती जाईना. मला दिसत होते ते त्यांचे पाय, धुळीनं फुटलेल्या टाचा आणि पायतणाचा अंगठा.

"म्या कदी पाह्यलंच न्हाय हिला," ते डॉक्टरांना म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि दाराकडं निघाले.

"बाबा, बसा ना," डॉक्टर म्हणाले.

"नगं. मी भायेर बसतो," ते म्हणाले. "मी हितं असलो तर तिला वर बघता यायचं न्हाय."